ठिपका

आमचा मुलगा रोज संध्याकाळी चर्चगेटहून विरार लोकल धरतो. गाडी कुठवर आली असेल, हे पूर्वी आम्ही वसईच्या घरी बसून घड्याळावरून ताडत असू. आता सूनबाई मोबाईलवरचा ठिपका पाहून सांगते, "भाईंदर सोडलं हं!" मग तवा चढतो.

परवा तो ठिपका मीरा रोड व भाईंदर यांच्या मध्येच थांबला. "रेंज गेली असेल, आई," ती सहज म्हणाली. आम्हां दोघांचे मात्र शब्द थिजले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात लोकल गाड्यांत स्फोट झाले होते, त्यांतला एक नेमका याच पट्ट्यात. रुळांतून क्षीण विद्युत्प्रवाह वाहत असतो. गाडी आली की तो चाकांमधून परस्पर वळतो आणि तेवढा पट्टा व्यापल्याची खूण नियंत्रण कक्षात उमटते. घरी वाट पाहणाऱ्यांपर्यंत त्या रात्री कोणतीच खूण पोहोचली नाही. फोन लागत नव्हते. आमचा मुलगा मध्यरात्रीनंतर आला, मिळेल त्या वाहनाने आणि उरलेले अंतर पायी. कित्येकांची मुले आलीच नाहीत.

दहा मिनिटांनी ठिपका हलला. ही सोय मोठी आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ठिपका गाडी दाखवतो, गाडीतला माणूस नव्हे. फाटकाची कडी वाजेपर्यंत आमचे कान तिकडेच लागलेले असतात.