दिसणं आणि दिसून येणं

सांगलीत आयर्विन पुलाखाली रात्री कयाकमधून गळ टाकायला बसलं, की शहराचे दिवे पाण्यात उतरलेले असतात. त्यात माझा एवढासा दिवा कुणाला ओळखू येणार? साताऱ्याकडे, कोयनेच्या शिवसागरात उलटं. तिथं मिट्ट काळोख; पण कपाळावरचा हेडलॅम्प मी बघेन तिकडंच उजेड पाडतो. मागून लाँच आली तर मी नसल्यात जमा.

समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीचा १९७२ चा आंतरराष्ट्रीय नियम वल्ह्याच्या होडीला थोडक्यात सोडतो: पांढऱ्या उजेडाचा टॉर्च किंवा कंदील हाताशी ठेवा, टक्कर टळेल इतक्या आधी दाखवा. पण दाखवायला समोरचा आधी मला दिसायला हवा. तेही मासा लागून काठी वाकलेली असताना?

म्हणून माझा पांढरा दिवा मागं काठीवर, डोक्याच्याही वर, चहूकडून दिसेल असा. त्याखाली छोटी झापड, कारण उजेडानं दिपलेली नजर अंधाराला पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं तरी घेते.

आजोबा म्हणाले, उजेडानं मासा बुजतो. म्हटलं, बुजू दे.

ते हसले नाहीत. "तुझ्या बापालाबी एक दे. त्यो अजून अंधारातच जाळं टाकतोय."