कारण अज्ञात

आमच्या घरी कोंबड्या होत्या असे मी आजवर अनेकांना सांगत आलो, परंतु ते विधान कागदोपत्री तपासले तर टिकणार नाही. कोंबड्या आईच्या होत्या. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पुढे जमीन भीमेकडे उतरू लागते, त्या उतरणीवरच्या आमच्या गावात घर, जिराईत, बैलजोडी, विहिरीच्या पाण्याची पाळी आणि बांधावरची बाभळसुद्धा आजोबांच्या नाहीतर वडिलांच्या नावे, सातबाराच्या उताऱ्यात किंवा निदान गावाच्या स्मरणात, दाखल होती. परसातल्या खुराड्यावर आणि त्यातून निघणाऱ्या अंड्यांच्या पैशावर मात्र आईवाचून कोणाचा अंमल चालत नसे. माझी पाटी, माझी पुस्तके आणि धाकट्या बहिणीच्या बांगड्या त्याच खजिन्यातून आल्या. दिवेलागणीला ती ओंजळभर कण्या अंगणात फेकी, आत शिरणाऱ्या कोंबड्या मनातल्या मनात मोजी, पिल्लेवाली असेल तिला निराळ्या डालग्याखाली झाकी, आणि डालग्यावर दगड ठेवी, कारण आमच्या परसावर मुंगसाचा दावा पिढीजात होता. कोणती तलंग अंड्यावर आली, कोणती खुडूक झाली, कोणत्या खुडकीला रवणाला बसवावयाचे आणि कोणतीला गार पाण्यात बुचकळून तिची खोड मोडावयाची, यांचे निवाडे ती एकटी करी, आणि त्यांवर अपील नसे.

पानशेतचे धरण फुटून पुणे बुडाले ते १९६१ साल. मी दहा वर्षांचा होतो. त्या वर्षी दिवाळी उलटून थंडी पडू लागली असता एके सकाळी आईने खुराड्याची फळी सरकवली, आणि रोजच्या झुंबडीऐवजी कोंबड्या एकेक करून, पंख जमिनीला लागतील इतके सैल सोडून, जणू कोणाच्या तरी मर्तिकाहून परतल्याप्रमाणे बाहेर आल्या. तीन बाहेर आल्याच नाहीत. त्यांतच आठ दिवसांपूर्वी घोडनदीच्या बाजारातून आणलेला तांबड्या तुऱ्याचा उंच कोंबडा होता. उरलेल्यांपैकी काहींचे डोळे मिटत होते, काही चोच वासून घरघरत होत्या, हिरवट पांढरी हगवण अंगणभर झाली होती, आणि दुपारपर्यंत एकदोघींच्या माना अशा काही पिळवटून पाठीकडे वळल्या की त्या आकाशाकडे पाहत स्वतःभोवतीच फिरू लागल्या. आईने लसूण चारला, हळदीचे पाणी पाजले, चुलीतली राख खुराड्यात पसरली. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना अठरांपैकी सतरा गेल्या होत्या. एक वाचली, पण मान कायमची डावीकडे वळलेली. ‘वाकडी’ या नावाने ती पुढे दोन वर्षे आमच्याकडे नांदली, आणि दाणा टिपताना तिची चोच प्रत्येक वेळी दाण्याच्या बाजूला बोटभर अंतरावर पडे.

मरण आले की त्याचा करविता शोधणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि खेड्यात तो शोध फार दूरवर जात नाही. आजीचे म्हणणे, शिरूरच्या साहेबाला केलेला नवस फेडावयाचा राहिला होता. हा साहेब म्हणजे १८०९ साली शिरूरच्या छावणीत वारलेला कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज लष्करी अंमलदार. त्याच्या कबरीला आसपासची गावे सत्पुरुषाचे स्थान मानीत आली, आणि सुगीला नवे धान्य तेथे नैवेद्य म्हणून ठेवीत आली. ज्या राज्याने आमच्या पेशव्याला बिठूरला धाडले, त्याच्याच एका कर्नलाकडे आमच्या आजीने कोंबड्यांची खुशाली मागावी, यातला विनोद मला पुष्कळ वर्षांनी उमगला. आईचे मत निराळे पडले. आमच्या भिंतीला भिंत लावून एक विधवा म्हातारी राहत असे. तिला आम्ही पलीकडची आजी म्हणत असू. घटनेच्या आदल्या आठवड्यात ती परसाच्या दाराशी उभी राहून म्हणाली होती, “किती गं भरलंय तुझं खुराडं!” एवढे एक वाक्य. त्यातून तिच्या स्वतःच्या दोन कोंबड्या जिवंत राहिल्या, हा तर आईच्या दृष्टीने मुद्देमालासकट सापडलेला पुरावा होता. खुराडे बांधण्याची ऐपत नसल्याने म्हातारी त्या दोघींना घरातच पायाला दोरी बांधून ठेवी, ही गोष्ट सर्व गल्लीला ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र कोणी लावला नाही. त्या दिवसापासून उभय घरांतली हळदीकुंकवाची, विरजणाची, विस्तवाची देवघेव बंद पडली. आईने परसाच्या दाराला आतून आडणा घातला, तो म्हातारी १९७० साली वारली त्या दिवशीही निघाला नाही.

गावात या रोगाला मानमोडी म्हणतात, आणि शब्द म्हणून तो मला निर्दोष वाटतो; ज्याने तो घडवला त्याने नक्की काहीतरी पाहिले होते. मात्र या एका शब्दाच्या पोटात दोन भिन्न मरणे नांदतात, हे मला पशुवैद्यांच्या सहवासात कळले. एकात मान पिळवटते. दुसऱ्यात ती ओल्या फडक्यासारखी लुळी पडते, आणि त्याचे मूळ बहुधा कुजक्या मेलेल्या जनावरावरचे किडे कोंबड्यांनी टिपण्यात असते. पहिल्याचे ग्रंथस्थ नाव राणीखेत. १९२६ च्या सुमारास जावा बेटात आणि इंग्लंडात न्यूकॅसल येथे हा रोग प्रथम ओळखला गेला, लगेच दोनेक वर्षांत कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथेही आढळला, आणि ते नाव आपल्याकडे त्याला कायमचे चिकटले. देवदारांच्या त्या थंड हवेच्या गावाने कोंबड्यांचे काय वाकडे केले होते कोण जाणे! गंमत अशी की त्यावरची लसही त्याच कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या दशकात सिद्ध झाली. म्हणजे आमच्या सतरा कोंबड्या मेल्या तेव्हा त्यांचे औषध नव्हे तरी त्यांचे कवच या देशात दीडदोन दशके अस्तित्वात होते, ते फक्त न्हावऱ्याच्या पुढे उतरले नव्हते.

१९६० साली, म्हणजे आमच्या घटनेच्या आदल्याच वर्षी, इंग्लंडात एक लाखाच्या घरात टर्की पक्षी असेच पटापट मेले, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे तेथील शास्त्रज्ञांनी त्या रोगाला ‘एक्स’, म्हणजे आपल्या बीजगणितातला ‘क्ष’, असे नाव दिले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरच्या बुरशीपर्यंत त्यांचा माग पोहोचला, आणि बुरशीच्या त्या विषाला आज अफलाटॉक्सिन या नावाने सारे जग ओळखते. लाख पक्ष्यांमागे पैसा होता, पैशामागे विचारणारे होते, म्हणून क्षची किंमत निघाली. परसातल्या सतरांचा क्ष समीकरणातच राहतो, किंवा शेजारच्या घरात त्याला तोंड, नाव आणि नजर मिळते.

हे मी उपरोधाने लिहीत आहे असे वाटेल, पण उपरोधाचा मला अधिकार नाही. पुढे मी महसूल खात्यात कारकून झालो, आणि एका तालुक्याच्या कचेरीत टपालाच्या टेबलावर असताना एका बाईचा अर्ज माझ्यापुढे आला: अकरा कोंबड्या एका रात्रीत मेल्या, दिराने विष घातल्याचा संशय आहे, चौकशी व्हावी. आमच्या पंचनाम्याच्या छापील नमुन्यांत बैलाला रकाना होता, गाईम्हशीला होता, शेळीमेंढीला होता. कोंबडी ‘इतर’ या सदरात, आणि तीही वीज पडून किंवा पुरात मेली तर. अर्ज दवाखान्याकडे वर्ग करणे एका ओळीचे काम होते. मी समासात माझ्या वळणदार अक्षरात शेरा मारला, ‘सदर मृत्यूंचे कारण अज्ञात. सबब अर्ज दप्तरी दाखल करावा,’ आणि वरिष्ठांची सही घेतली. बाई दोनदा नक्कल मागावयास आली. वाकडीची आठवण मला त्या वेळी झाली नाही, हे आज लिहितानाही विचित्र वाटते.

सेवानिवृत्तीनंतर मी दौंडला घर केले. मुलगा रेल्वेत, म्हणून. भीमेच्या अलीकडे लहानसे परस, त्यात जाळीचे खुराडे, आणि त्यात अकरा गावरान कोंबड्या. २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसाने करोना होतो अशी आवई उठली आणि चांगले पक्षी मातीमोलाने गेले. ते निस्तरते न निस्तरते तोच जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याच्या बर्ड फ्लूची बातमी आली, आणि पाठोपाठ आमच्याच तालुक्यातील बोरीबेलची. बोरीबेल म्हणजे दौंडहून सोलापूरकडे निघालेल्या गाडीचे अगदी जवळचे स्थानक. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला की बाधित ठिकाणाभोवतालच्या एक किलोमीटरच्या परिघात सरसकट पक्षी मारावयाचे असा तो हुकूम. अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीमागे तेव्हा नव्वद रुपये भरपाई होती. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हाची पांढऱ्या पोशाखातील माणसांची छायाचित्रे सर्वांना आठवली. कोणी भिगवणच्या पाणथळीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना दोष दिला, कोणी बाहेरून येणाऱ्या खाद्याच्या गाड्यांना. पलीकडच्या आजीची जागा रिकामी राहत नाही, एवढे माझ्या ध्यानात आले.

फेब्रुवारीत माझ्या खुराड्यात मर आली. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी चार. हिरवट हगवण, घरघर, आणि एकीची मान हळूहळू पाठीकडे वळत गेली, तेव्हा साठ वर्षांपूर्वीचे अंगण इतके स्पष्ट समोर आले की मी खाली बसलो. या खेपेस लसूण नाही, राख नाही. हातात पिशव्या चढवून मेलेल्यांपैकी दोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, बर्फात ठेवल्या आणि दवाखान्यात नेल्या. तेथील तरुण डॉक्टरांनी त्या पुढे औंधला तपासणीस पाठवण्याची तजवीज केली, आणि कागद भरता भरता सहज विचारले, “आबा, गेल्या आठपंधरा दिवसांत बाहेरून नवा पक्षी आणला होता का?”

आणला होता. बाजारातून दोन तलंगा, घासाघीस करून. त्या आणल्यापासून सहाव्या दिवशी पहिली कोंबडी गेली होती. अहवाल आला तो बर्ड फ्लूचा नव्हता, राणीखेत. वरून पाहता दोन्ही रोग इतके सारखे दिसतात की प्रयोगशाळेवाचून फरक सांगू नये, असे डॉक्टर म्हणाले. लस का टोचली नव्हती, या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी हिशेबी उत्तर होते. लसीची आमच्याकडे मिळणारी लहानात लहान कुपी शंभर मात्रांची. थंड द्रावणात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. माझ्या कोंबड्या अकरा. एकोणनव्वद मात्रा गटारात ओतण्यास माझा जन्मभराचा कारकुनी जीव तयार झाला नव्हता. दहा हजारांचा शेडवाला ती किंमत पक्ष्यामागे पैशांत मोजतो, आणि त्याचे पक्षी मेले की चौकशीस माणसे धावतात. परसवाल्याला कुपीही मोठी पडते आणि कागदही.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाने. नवा पक्षी आणला होता का? १९६१ साली हा प्रश्न आईला कोणी विचारला नाही, आजीने नाही, गल्लीने नाही. त्या वेळचा हिशेब मी अंथरुणात मांडला. बाजार झाला, आठवा दिवस, पहिल्या तिघांत तो तांबड्या तुऱ्याचा कोंबडा. पलीकडच्या आजीच्या दोन कोंबड्या दोरीने घरात बांधलेल्या होत्या, त्यांचा आमच्या कोंबड्यांशी संबंध आला नाही, म्हणून त्या वाचल्या. आईला कोंबडा नको होता. घरचा एक पुरेसा आहे, असे ती बाजारात दोनदा म्हणाली. हट्ट माझा होता. मी रस्त्यात बसलो, रडलो, आणि घोडनदीपासून घरापर्यंत बैलगाडीत तो कोंबडा मीच मांडीवर धरून आणला. त्याच्या अंगाची ऊब मला आजही आठवते. ती तापाची असेल हे मात्र कधी मनात आले नव्हते.

हे सांगावे कोणाला? आई १९९४ साली गेली. म्हातारीचा नातू रांजणगावच्या कारखान्यात नोकरीस आहे, त्याचा नंबर मिळवून मी फोन केला आणि सर्व वृत्तान्त क्रमाने निवेदन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “कुठल्या कोंबड्या?”

यंदा आमच्या गल्लीतील सात घरांनी वर्गणी काढून एक कुपी आणली. बर्फाचा डबा घेऊन डॉक्टर सकाळी सातला आले, पंखाखालच्या कातडीत टोचत आठपर्यंत सारे आटोपले. कोंबड्या अठ्ठेचाळीस भरल्या; बावन्न मात्रा वाया गेल्या.