ज्योतीवरचा फ्रिज

आमच्या मोटरहोममधला जुना फ्रिज गॅसवर चालायचा. भारतातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की हमखास प्रश्न यायचा, गॅसवर तापेल, गार कसं होईल? मग मी व्हिडिओ कॉलवर गाडीच्या बाहेरच्या अंगाची जाळी उघडून दाखवायचे. आत निरांजनाच्या ज्योतीएवढी एक निळी ज्योत. तिच्या आचेनं नळीतलं अमोनियामिश्रित पाणी उकळायचं. अमोनियाची वाफ वर चढून मागच्या पात्यांमध्ये निवायची आणि तिचा द्रव व्हायचा. तो हायड्रोजनमध्ये मिसळत पुन्हा उडून जाताना फ्रिजमधली उष्णता ओढून घ्यायचा आणि शेवटी पाण्यात विरघळून ज्योतीपाशी परत यायचा. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. मला हा माणसाच्या बुद्धीचा फार देखणा आविष्कार वाटतो.

1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो घडवला. त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. माझ्या आयुष्यात मात्र थंडावा आणि इन्सुलिन नेहमी जोडीनंच आले.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना तो सांगायला नको. आजोबांना मधुमेह होता आणि घरात फ्रिज नव्हता. माजघरात, जिथे ऊन कधीच पोचत नसे, आजीनं एका परातीत वाळू पसरून ती ओली केलेली असे. वाळूत छोटं मडकं, मडक्यात रबरी बुचाची कुपी, वर मातीचं झाकण आणि झाकणावर ओलं फडकं. सकाळ-दुपार वाळूवर पाणी शिंपडायचं आणि फडकं भिजवायचं काम माझ्याकडे होतं. खेळायला जायच्या आधी ते झालंच पाहिजे, नाहीतर आजी दारातूनच परत बोलवायची. मडक्यातून पाणी झिरपतं, उडून जातं आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं, हे मी शाळेत शिकायच्या आधी बोटांनी शिकले. मडकं बाहेरून किती गार लागतंय यावरून आजी पाणी पुरेसं आहे की नाही ते सांगायची. पुढे कितीतरी वर्षांनी गाडीच्या फ्रिजची माहितीपुस्तिका वाचताना लक्षात आलं, अमोनिया तिथे तेच काम करतो जे आमच्या परातीत पाणी करत होतं.

वडिलांनी फ्रिज घेतला तो गोदरेजचा. भारतात फ्रिज बनवणारी ती पहिली देशी कंपनी, 1958 पासून. बाहेरच्या खोलीत त्याची स्थापना झाली, आईनं वर क्रोशाचं कव्हर घातलं, शेजारची मुलं बर्फ मागायला येऊ लागली. पण वरच्या कप्प्याचा डावा कोपरा आजोबांचा होता आणि तिथे दुसरं काही ठेवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. लाइट गेली की घरातलं पहिलं वाक्य आईचं असायचं, "फ्रिजचं दार उघडू नका रे!" तिचा जीव दुधात नसे, त्या कोपऱ्यात असे.

अमेरिकेत आलो तेव्हा भाड्याच्या घरात फ्रिज आधीच होता. त्याच्याकडे मी तीस-एक वर्षं लक्षसुद्धा दिलं नाही.

निवृत्तीनंतर मोटरहोम घेतलं आणि फ्रिज पुन्हा घरातला मानकरी झाला. ज्योतीवरचा हा फ्रिज दिवसाला अर्धा-पाऊण किलो प्रोपेनमध्ये भागवायचा. त्या बळावर ॲरिझोनाच्या वाळवंटात, जिथे विजेचा खांब दिसत नाही, तिथे आम्ही हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे राहिलो. त्याला जमीन मात्र सपाट लागायची. आतला सगळा प्रवाह उतारानं चालतो. गाडी कलती उभी राहिली की द्रव एका जागी साचतो, ज्योतीवरची नळी कोरडी पडून तापत राहते आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी चाकांखाली पाट सारायचे, पातळीचा बुडबुडा मध्यावर आणायचा, मग चहा. कोलोरॅडोत लेडव्हिलला, 10,000 फुटांवर, विरळ हवेत ज्योत टिकेना. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंश झाले की आत दूध नासायचं.

दूध नासलं तर दुसरं आणता येतं. पण आता माझ्या नवऱ्यालाही इन्सुलिन लागतं. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि एकदा गोठली की ती फेकूनच द्यायची. या फ्रिजमध्ये दुपारी दारापाशी बारा अंश, तर पहाटे आतल्या गार पात्यांजवळ बर्फ. मी दोन थर्मामीटर ठेवले होते आणि रात्री उठून ते बघायचे.

एका सकाळी बाहेरची जाळी उघडली तर अमोनियाचा उग्र भपकारा आला आणि नळीखाली पिवळी भुकटी दिसली. नळ्या गंजू नयेत म्हणून आतल्या पाण्यात सोडियम क्रोमेट घालतात, गळतीच्या जागी ते असं साचतं. ज्योत तत्काळ विझवली. इंडियानात अमिश लोकांच्या कार्यशाळा अशा फ्रिजची शीतयंत्रणा पुन्हा बांधून देतात. ते स्वतः घरात सार्वजनिक वीज घेत नाहीत, त्यामुळे गॅसच्या फ्रिजशी त्यांचा जुना परिचय आहे. माझा कल तिकडे होता. नवरा म्हणाला, "अगं, मला त्यात औषध ठेवायचंय, भाजी नाही." त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

घरात असतो तसला साधा, 10 घनफुटांचा फ्रिज घेतला. मोटरहोमचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून जुना बाहेर काढला, नवा आत घेतला. गॅसच्या नळीला पितळी टोपण बसवून मिस्त्रीनं त्यावर साबणाचं पाणी लावलं. तो हातात टॉर्च घेऊन बराच वेळ एकही बुडबुडा येत नाही ना ते पाहत बसला. त्याची ती सावकाशी मला आवडली. घरच्या फ्रिजची दारं फक्त चुंबकावर मिटतात, वळणावर उघडतील, म्हणून बाहेरून पट्ट्याची कडी लावली. सीटखाली लिथियमच्या बॅटऱ्या, त्यांची वीज 120 व्होल्टची करायला इन्व्हर्टर, छतावर सोलर पॅनेल. फ्रिजला दिवसाला साधारण एक युनिट लागतं.

आता आतला पारा चार अंशांवरून हलत नाही. मी रात्री उठत नाही. मोटरहोमवाल्यांमध्ये काही जण म्हणतात, घरचा फ्रिज आणलात म्हणजे भटकंतीतला स्वावलंबीपणा गेला. मला ते पटत नाही. आजीची वाळू पाण्यावर अवलंबून होती, वडिलांचा फ्रिज लाइटवर, ज्योतीवरचा सपाट जमिनीवर. हा उन्हावर आहे. ढग दोन दिवस हटले नाहीत की मी आईचंच वाक्य म्हणते आणि नवरा जनरेटर काढतो.

जुन्या फ्रिजची उष्ण हवा छतावरच्या ज्या झडपेतून बाहेर जायची, ती आम्ही पत्रा ठोकून बंद केली आहे. डिसेंबरात दिवस लहान होतात आणि बॅटऱ्या दुपारपर्यंत भरत नाहीत. तेवढ्या जागेत आणखी एक पॅनेल मावतंय. माप घेऊन ठेवलंय, वाळवंटात जायच्या आधी ते बसवून घेणार आहोत.