खिशातली पुडी

मुंबईतल्या एका दंडाधिकारी न्यायालयात मी मोफत विधी साहाय्याची वकील आहे. गांजाच्या केसेस रोजच येतात. त्यातला एक हमाल मात्र मनातून जात नाही. रात्री ट्रक खाली करून घरी निघाला, नाक्यावर झडती झाली आणि पँटच्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी निघाली. पंचनाम्यात वजन ८ ग्रॅम. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या लेखी गांजाचं अल्प प्रमाण १ किलोपर्यंत. पण अल्प असलं तरी गुन्हा तो गुन्हाच.

ओढताना सापडला असता, तर कलम २७ आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. नुसती जवळ बाळगली म्हणून कलम २०. त्यात २०१४च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत. शिवाय कलम २७ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायची सोय तरी आहे. २० खाली अठरा वर्षांवरच्या आरोपीला तीही नाही. ओढण्यापेक्षा बाळगणं मोठा अपराध, हे मला आजही पटत नाही.

"मॅडम, कबूल केलं तर आजच सुटेन ना?" त्याचा एवढाच प्रश्न होता. शिक्षेची नोंद कायम राहील, हे मी परोपरीने सांगितलं. पण लढायचं तर पंच येणार, साक्षीदार येणार, तारखा पडणार. एक तारीख म्हणजे एक खाडा, आणि खाडे झाले की मुकादम दुसरा माणूस लावतो. त्याने गुन्हा कबूल केला. दंडाच्या नोटा शर्टाच्या आतल्या खिशातून काढून दोनदा मोजल्या. उचल घेतलेले पैसे होते ते.

पुढे पाठीचं दुखणं वाढलं म्हणून त्याने वॉचमनची नोकरी धरायला घेतली. पोलीस पडताळणीत ती शिक्षा निघाली. नोकरी गेली.

गांजाने पोरांची डोकी बिघडलेली मी पाहिली आहेत, त्याची भलामण मी करणार नाही. विकणाऱ्याला सोडा असंही म्हणत नाही. पण स्वतःपुरती पुडी बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका, असं सामाजिक न्याय मंत्रालयानेच सुचवल्याच्या बातम्या २०२१मध्ये आल्या होत्या. माझं म्हणणं तेच आहे. पुडी जप्त करा, गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवा. त्या हमालाला पाठीच्या डॉक्टरची गरज होती; त्याच्याकडे त्याला कुणीच पाठवलं नाही.