कच्चा जोड

आमच्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या कामात नाक हे पहिलं मीटर. रोझिनचा धूर गोडसर लागतो. गुंडाळी जळाली की वार्निशचा उग्र वास घशात बसतो. आणि बेकेलाइट तापायला लागला की मासळीसारखा वास सुटतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की माणूस जन्मात विसरत नाही.

वैशाखातली संध्याकाळ होती. वर्कशॉपात पत्र्याखाली बसलेलो, दोन्ही हॉट एअर गन चालू, पंखा चालू, पॉवर सप्लायवर एक बोर्ड लावलेला. शिकाऊ पोरगा मान वर करून म्हणाला, "मामा, वास यायलाय." प्रत्येकाने आपापल्या पुढ्यातलं काम हुंगून पाहिलं. टेबलावरचं सगळं ठीक होतं. वास भिंतीकडून येत होता. मी मेन पाडला, थ्री-पिन उपसली. तिची एक पिन तपकिरी पडली होती, सॉकेटचं भोक काळं झालं होतं, कडेचं प्लास्टिक वितळून आत ओघळलं होतं. भिंतीवरचा बोर्ड खोलला तर मागचा स्क्रू अर्धा फेरा ढिला. वायर त्याच्याखाली होती, पण धरलेली नव्हती. तो बोर्ड मीच बसवला होता.

औराद तालुक्यातलं आमचं चिंताकी कर्नाटकात येतं. तेलंगणाची हद्द जवळ, महाराष्ट्राची फार लांब नाही. आमच्या बाकावर एक पोरगा मराठीतून विचारतो, दुसरा कानडीतून सांगतो, तिसरा दखनीतून हसतो. आग लागली की मात्र तिन्ही भाषांत एकच शब्द येतो: शॉर्टसर्किट. पंचनाम्यात तोच, बातमीत तोच, पारावरच्या गप्पांत तोच. नशिबात होतं म्हणावं तसं आपण 'शॉर्ट झालं' म्हणतो आणि विषय मिटवतो.

एवढी वर्षं हे काम केल्यावर मला हा शब्द खटकतो. सरळ शॉर्ट झाला तर करंट एकदम वाढतो, चांगला एमसीबी क्षणात पडतो, अंधार होतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. ढिल्या जोडाचं तसं नाही. तिथून करंट नेहमीइतकाच जात असतो. एमसीबीला कळतो तो फक्त करंट किती जातो आहे ते. वाटेत कुठे काय तापलंय ते त्याला कळत नाही. म्हणून तो गप्प राहतो.

पोरांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवतो. पाच अँपिअर करंट वाहतोय आणि ढिल्या स्क्रूपाशी एक ओहम रोध तयार झालाय असं धरा. पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले एक: पंचवीस वॅट. आता हातातला आयर्न बघा. त्याच्यावर काय लिहिलंय? २५ वॅट. याच आयर्नच्या टोकाने आपण १८३ अंशांना वितळणारं सोल्डर पाण्यासारखं करतो. म्हणजे त्या भिंतीत कुणीतरी एक आयर्न चालू करून ठेवलाय. त्याला स्टँड नाही, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, आणि रात्रभर तो बंद होणार नाही. दोनशे तीसपैकी फक्त पाच व्होल्ट तिथे खर्च होतात. दिवा मंद होत नाही, पंखा हळू होत नाही. जोड तापला की काळा पडतो, काळा पडला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. हे महिनोन् महिने चालतं. शेवटी इन्सुलेशन वितळून दोन वायरी एकमेकींना चिकटतात, तेव्हा कुठे शॉर्ट होतो. राखेत तोच सापडतो, आणि आपण त्यालाच कारण म्हणतो.

रेडिओच्या काळापासून आमच्या धंद्यात 'ड्राय सोल्डर' हा शब्द आहे. वरून जोडलेला दिसणारा, पण आतून न धरलेला डाग. ठोकलं की रेडिओ वाजतो, सोडलं की बंद. पोरगा पहिल्या महिन्यात हा दोष शोधायला शिकतो. बोर्डावरचा कच्चा जोड भिंगाखाली धरणारे आम्ही, आमच्याच भिंतीतला कच्चा जोड वर्षानुवर्षं पाहत नाही.

या धंद्यातल्या जुन्या माणसांनी आगीची काळजी शहाणपणाने घेतली होती. सिरीज बोर्ड हे त्याचं उदाहरण. दुरुस्तीला आलेली वस्तू थेट लाइनवर लावायची नाही. मध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब घ्यायचा. वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो. काही जळत नाही, आणि दोषही कळतो. हा साधा बल्ब हल्ली बाजारात शोधावा लागतो. एलईडीने हे काम होत नाही. मी चार बल्ब कापडात गुंडाळून ठेवले आहेत.

त्या माणसांना एकच वस्तू माहीत नव्हती: लिथियम-आयन बॅटरी. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि आज ती प्रत्येक खिशात आहे. ठरलेल्या व्होल्टेजच्या वर भरली, पत्र्याच्या पट्टीने उचकटताना टोचली किंवा वाकली, की आतला पातळ पडदा फाटू शकतो. मग ती स्वतःच्याच उष्णतेने पेटत जाते. तिचा धूर विषारी असतो. विझली असं वाटल्यावर ती पुन्हा पेटते. वाळू तिला विझवत नाही, ठिणग्या आणि ज्वाळा आवरते. म्हणून आमच्या बाकाखाली कोरड्या वाळूची बादली असते, आणि फुगलेली बॅटरी बादलीसकट उघड्यावर जाते. बॅटरी सोडवायला प्लास्टिकची पट्टी, आणि ती पट्टी हातात असताना थिनरची बाटली टेबलावर नको. इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून आधी चार्जर बंद, मग क्लिप काढायची. हा क्रम उलटला की बॅटरी फुटू शकते आणि ॲसिड तोंडावर येऊ शकतं.

आग कशाने लागते हा एक प्रश्न, माणूस कशाने जातो हा दुसरा. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादला खाली इलेक्ट्रिक स्कूटरची शोरूम आणि वर लॉज असलेल्या इमारतीत आग लागली. आठ माणसं गेली. ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इलेक्ट्रिक हार्डवेअरच्या दुकानात राहणारं चौघांचं कुटुंब गेलं. ३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत खाली शिलाईचं दुकान पेटलं, वर झोपलेली एकाच घरातली सात माणसं धुराने गुदमरून गेली. तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच: माल आणि माणसं एकाच छताखाली, आणि वेळ रात्रीची किंवा पहाटेची. धूर जिन्यानेच वर चढतो, आणि माणसाला उतरायलाही तोच जिना असतो. आपल्याकडे किती दुकानांच्या मागे चूल आहे आणि माळ्यावर अंथरूण आहे, हे मला सांगायला नको. आमचा एक पोरगा उन्हाळ्यात वर्कशॉपातच झोपायचा. त्या वासानंतर मी त्याचं अंथरूण घरी पाठवलं.

आमचं वर्कशॉप शिकण्याचंही ठिकाण आहे. पाबळ या खेड्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो हाताने काम करत शिकण्यासाठी. खेड्यातली पोरं यंत्राला हात लावतील, चुकतील, शिकतील, हा विश्वास त्यामागे होता. आमच्यासारख्या चौघांनी मिळून मांडलेल्या वर्कशॉपातही तोच विश्वास आहे. पण सामाईक जागेला एक रोग असतो. माझ्या एकट्याच्या दुकानात शेवटी कुलूप मीच लावायचो, म्हणून मेन मीच पाडायचो. इथे प्रत्येकाला वाटतं, मागचा बघेल. आयर्न स्टँडवर राहतो, चार्जरला बॅटरी राहते, एक्स्टेन्शनमध्ये दुसरं एक्स्टेन्शन घुसतं, आणि प्रत्येक वस्तूचा मालक निराळा असतो. बिनमालकाची आग ही अशी तयार होते.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. मेनचा स्विच दाराशी घेतला. ज्याच्या हातात कुलूप त्यानेच तो पाडायचा आणि पाटीवर आपलं नाव लिहायचं. बॅटरी चार्जिंगला असताना कुणी ना कुणी जागं माणूस खोलीत हवं. आणि दर अमावास्येला मेन बंद करून प्रत्येक बोर्ड खोलायचा, प्रत्येक स्क्रू आवळायचा. अमावास्या एवढ्यासाठीच, की ती कुणी विसरत नाही. पहिल्या अमावास्येला एकवीस स्क्रूंपैकी सहा ढिले निघाले. नव्याने शिकायला आलेल्या पोराला मी आता आयर्न आधी देत नाही, पेचकस देतो.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. आज रात्री घरातला फ्रिज, इन्व्हर्टर, पाण्याचा हीटर, जे जास्त करंट ओढतं ते अर्धा तास चालू द्या. मग ते बंद करा, आणि कोरड्या हाताची पालथी बाजू प्लगच्या प्लास्टिकला आणि बोर्डाच्या झाकणाला हलकेच लावून बघा. गार लागलं तर निवांत झोपा. गरम लागलं, तपकिरी डाग दिसला किंवा मासळीचा वास आला, तर ते पुन्हा चालू करू नका. सकाळी वायरमनला बोलवा, आणि तो स्क्रू आवळेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहा.