बंद घराचं बिल

वाय बरोबर एमएक्स अधिक सी. शाळा सुटून कितीही वर्षं झाली तरी हे सूत्र पाढ्यासारखं तोंडात बसलेलं असतं. त्यातला एम म्हणजे रेषेचा चढ, हेही बऱ्याच जणांना आठवतं. बिचाऱ्या सीला मात्र कुणी विचारत नाही. एक्स शून्य असताना रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते, ती जागा सीची. एक्सने अजून पाऊलही उचललेलं नाही, तरी काहीतरी आहेच! मला चढापेक्षा या ‘आहेच’चं कुतूहल जास्त.

मुंबईत रिक्षाचं मीटर पडलं की समोर रेषा चालू होते. 2025च्या फेब्रुवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, पुढे दर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. (सिग्नलला खोळंबल्याचे पैसे वेगळे, ते सध्या सोडून देऊ.) मग 26 हीच सी, असं कुणीही पटकन म्हणेल. पण दोन प्रवास शेजारी मांडून बघा. चार किलोमीटरचे 68.85 होतात, दहाचे 171.69. अंतरातला फरक 6, पैशांतला 102.84, भागाकार केला की 17.14 हा चढ नेमका हाती येतो. आता चार किलोमीटरच्या भाड्यातून हा चढ चार वेळा वजा करत मागे या. उरतात अवघे 29 पैसे! म्हणजे ती तिरपी रेषा मागे वाढवली तर जवळजवळ आरंभबिंदूतच जाऊन टेकते. 26 रुपये हे दीड किलोमीटरचंच भाडं, फक्त आधीच धरलेलं. नाक्यावर उतरणाऱ्याला ते टोचतं, कारण त्याच्यापुरती रेषा आडवीच राहिली.

अस्सल सी बघायची तर विजेच्या बिलात. कोकणातलं एखादं घर गणपती आटोपले की शिमग्यापर्यंत कुलपात. पंखा फिरला नाही, देवापुढचा बल्बसुद्धा लागला नाही. दाराच्या फटीतून आत सरकवलेली बिलं धुळीत एकावर एक पडलेली. उचलून झटकावीत तर युनिटच्या रकान्यात शून्य आणि वर ‘स्थिर आकार’, दर महिन्याला तोच. (सरासरी रीडिंग टाकलं नसेल तर, अर्थात.) घर उभं आहे आणि तारेला जोडलेलं आहे, एवढ्याचेच ते पैसे.

मे महिन्यात पोरंटोरं आली की रेषा चढू लागते. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांशी एक टप्पा, 300शी दुसरा. दर टप्प्याला ती आणखी ताठ होते. एकशे एकावं युनिट पडलं की सगळंच बिल महाग, अशी एक समजूत घरोघरी असते. तसं असतं तर रेषा तिथे तुटून एकदम वर उडाली असती. प्रत्यक्षात पहिली शंभर युनिटं आधीच्याच दराने मोजतात, महागतं ते पुढचं. तेव्हा पंखा पहाटे बंद करायचा की नाही, यावरून सासू-सुनेत जी कुरबुर चालते ती सगळी चढाची. स्थिर आकाराला तिच्याशी काही देणंघेणं नाही.