लशीनंतरचा डोळा

लशींचा साठा संपला म्हणून मुंबईतली केंद्रं 30 एप्रिल 2021 पासून तीन दिवस बंद होती. त्याच्या आदल्या आठवड्यात मुलुंडच्या जम्बो सेंटरमध्ये मला कोविशील्डचा पहिला डोस मिळाला. अंगात कणकण आली आणि गेली. मे उजाडला आणि डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला. सकाळी आरशात पाहिलं तर वरची पापणी टम्म सुजलेली, डोळा लालबुंद. वर बघायला गेलं की आतून दोरी खेचल्यासारखी कळ यायची आणि खिडकीचे गज दोन-दोन दिसायचे.

त्या महिन्यात मुंबईत सुजलेला डोळा म्हणजे एकच धास्ती होती, काळी बुरशी. त्यात मला मधुमेह. कोविड झालेला नव्हता, तरी मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. लोकल सामान्यांना बंद, म्हणून रिक्षाने घाटकोपरच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी नजर, डोळ्याचा दाब, बाहुली आणि डोळ्याची हालचाल तपासली. मग शांतपणे म्हणाले, "काकू, खोबणीत सूज आहे. ती कशाने आली हे कळेपर्यंत मी स्टेरॉइड देणार नाही." कारण साधं होतं, पण जिवावरचं. शरीराच्या प्रतिकारशक्तीने उगाच उठवलेली ही सूज असेल, तर स्टेरॉइडने ती झपाट्याने उतरते. बुरशी असेल तर तेच स्टेरॉइड तिला मोकळं रान देतं. जंतुसंसर्ग असेल तर उपचार आणखी वेगळे. बाहेरून तिन्ही डोळे जवळपास सारखेच दिसतात.

मग कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकात दुर्बीण घातली. कुठे काळी खपली दिसते का, हे ते बघत होते. मुलगी पडद्याकडे टक लावून उभी होती. आतली त्वचा गुलाबी, स्वच्छ निघाली. तरी त्यांनी नमुना तपासायला पाठवला. एमआरआयमध्ये सायनस मोकळे होते. डोळा वर फिरवणारा स्नायू आणि त्याच्या आसपासची चरबी तेवढी सुजली होती. थायरॉइडनेही असं होतं, म्हणून तीही तपासणी झाली, ती नॉर्मल आली. सगळे अहवाल हातात आल्यावरच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या.

ठणका लवकर थांबला, दोन-दोन दिसणंही गेलं. साखर मात्र चढली. बोटाला सुई टोचून आकडे वहीत लिहायचे आणि फिजिशियनना फोनवर कळवायचे, हा घरचा नेम झाला. गोळ्या एकदम थांबवायच्या नव्हत्या. डोस हळूहळू खाली आणला.

हे लशीमुळेच झालं का? अशी मोजकी उदाहरणं कोविडच्या निरनिराळ्या लशींनंतर जगभर नोंदली गेली आहेत, फ्लूच्या लशीनंतरही. पण एका रुग्णावरून कार्यकारणभाव ठरत नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आणि तरीही लसीकरणानंतरच्या दुष्परिणामाचा, म्हणजे एईएफआयचा, फॉर्म भरला. सोसायटीत कुणी म्हणालं, "लसच वाईट." कुणी म्हणालं, "बोलू नका, लोक घाबरून जाणार नाहीत लस घ्यायला." मला दोन्ही पटलं नाही. एक जुना दाखला आठवला. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. ती लस आपल्या परळच्या प्रयोगशाळेतली, शास्त्रज्ञ हाफकिन यांनी बनवलेली. त्यांच्यावर ठपका आला. चौकशीचा काथ्याकूट वर्षानुवर्षं चालला आणि 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. दूषित निघाली होती एकच बाटली, तीही गावात उघडताना झालेल्या हलगर्जीने. लशीवरचा डाग तपासाने पुसला गेला. झाकून ठेवून तो पुसला गेला नसता.

मे महिन्यातच दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवड्यांवर गेलं, त्यामुळे विचाराला अवधी मिळाला. डॉक्टरांच्या संमतीने, गोळ्या संपल्यावर, मी दुसरा डोस घेतला. डोळा शांत राहिला.

कुठल्याही लशीनंतर डोळा सुजला, हलवताना दुखला, दोन-दोन दिसू लागलं किंवा नजर मंदावली, तर मेडिकलमधून थेंब आणून घालत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, लशीची तारीख आपणहून सांगा आणि नोंद झाली का ते विचारा. औषध-दुष्परिणामांची सरकारी हेल्पलाइन 1800-180-3024 आहे. तिथे रुग्णालाही स्वतः तक्रार नोंदवता येते.